झैदच्या उंबऱ्यावर

पाहुण्यांना कोरडं तळं दाखवणं ही एक कला आहे, आणि बास्सूला ती नाइलाजानं शिकावी लागली होती. देवदारांच्या रानातून दीड तास चढून माणूस घामाघूम होतो, शेवटच्या वळणावर निळंशार पाणी दिसणार म्हणून कॅमेरा सरसावतो, आणि समोर काय, तर भेगाळलेला करडा चिखल आणि त्यात चरणारी दोन गाढवं. अशा वेळी वाटाड्यानं आधी तोंड उघडायचं, पाहुण्याला बोलू द्यायचं नाही. बास्सू कधी म्हणायचा, तळं विश्रांती घेतंय. कधी म्हणायचा, आमच्याकडे तळीसुद्धा माहेरी जातात, वसंतात परत येतात. पाहुणे हसायचे. हसलेला माणूस तक्रार करत नाही, हे तीस वर्षांत त्याला पक्कं कळलं होतं.

पण धबधब्यापाशी ही मात्रा चालेना. तळ्याच्या सांडव्यातून निघालेलं पाणी रानातून तासभर वाट काढायचं आणि मग कड्यावरून खाली झेपावायचं. पूर्वी त्याचा आवाज अर्ध्या वाटेवरच कानावर यायचा, आणि पाहुणे आपोआप पाय उचलायचे. गेल्या उन्हाळ्यात कड्यावर नुसता काळपट ओघळ उरला होता. एका फ्रेंच बाईनं त्या ओघळाकडे बराच वेळ पाहिलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, की धबधबा इथून अजून किती लांब आहे. बास्सूला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची मुलगी तूडा होती. तेवीस वर्षांची पोर, खोऱ्यातली पहिली मुलगी वाटाडी, गळ्यात सरकारी बिल्ला. पाखरांची नावं तिला चार भाषांत येत होती आणि चढावर ती बापालाही मागे टाकायची. उत्तर तिनंच दिलं. म्हणाली, "बाई, हाच धबधबा. मेलाय." बाई ओशाळली, बास्सू ओशाळला.

हिवाळ्यात, पाहुणे पाठवणाऱ्या शहरातल्या सहलीवाल्या कंपनीचा फोन आला. एप्रिल संपता संपता आमचा माणूस येऊन ही वाट चालून बघेल, धबधब्याला पाणी नसेल तर वाट यादीतून काढावी लागेल, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा आवाज नेहमी गोडच असतो. यादीतून वाट गेली म्हणजे पाहुणे गेले, आणि पाहुणे गेले म्हणजे तिमदीन गावात वाटाड्याला काम उरलं नाही. तूडाची एक मैत्रीण दूर उत्तरेला, समुद्रकाठच्या टँजियर शहरात मोटारींच्या वायरी जोडायच्या कारखान्यात होती. तिनं मेच्या एक तारखेपर्यंत तूडासाठी एक जागा धरून ठेवली होती.

फेब्रुवारीत एकदा चुलीपाशी बसून तूडानं बापाला सरळ सांगून टाकलं.

"पाणी आलं तर मी इथंच. नाही आलं तर मी जाते. चिखल दाखवून थापा मारायला मी नाही शिकले, बा."

बास्सूनं चुलीत लाकूड सारलं. तिनं इथंच राहावं, त्याला एवढं एकच हवं होतं. मोठे दोघे मुलगे स्पेनला गेले तेव्हा त्यानं ते सोसलं होतं, पण ही वाट त्यानं तूडाला दिली होती, बोट धरून एकेक वळण शिकवलं होतं. ती गेली तर त्या वाटेवर नुसतं चालत राहायला तो उरणार होता, आणि त्याला त्याची भीती वाटत होती.

आता पाणी गेलं कुठं, हे तिमदीनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाणी झैदनं प्यायलं. तळ्याच्या वरच्या अंगाला झैदची सफरचंदाची बाग होती, बागेत एकशे साठ मीटर खोल विहीर खणलेली, तिच्यावर डिझेलचं इंजिन. अख्खा हिवाळाभर सकाळ-संध्याकाळ ते इंजिन तासतासभर धडधडायचं. झैद टाकं भरून ठेवतोय, गाव म्हणायचं, आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं. खरं तर हा झैद म्हणजे बास्सूचा जिवाभावाचा माणूस. वीस वर्षं दोघं एकत्र ती वाट चालले होते, पुढे बास्सू पाहुण्यांशी बोलत, मागे झैद खेचरं हाकत. मग झैदनं खेचरं विकून झाडं लावली. चार वर्षांपूर्वी भरल्या बैठकीत बास्सू त्याला म्हणाला, तळं पिऊन तुझी तहान भागली का रे? झैद उठून गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

मार्चच्या मध्याला बास्सूनं ठरवलं, की झैदवर आर घालायचा.

आर म्हणजे शेवटचं हत्यार. ते माणूस आयुष्यात एकदा उपसतो, तेही उपसलं तर. समोरच्याच्या उंबऱ्यावर मेंढा कापायचा. रक्त उंबऱ्यावर सांडलं, की मागितलेलं त्याला द्यावंच लागतं. नाही दिलं तर ते रक्त त्याच्या घराला लागतं, लेकराबाळांना लागतं. ते मांस दोन्ही घरांनी तोंडात घालायचं नाही, गोरगरिबांना वाटून टाकायचं. बास्सूच्या दावणीला एकच मेंढा होता, बकरी ईदसाठी वर्षभर पोसलेला. त्याची बायको फाद्मा हे ऐकून म्हणाली, की ईदला आता आपण शेजाऱ्यांच्या घरचा वास घेऊ, हरकत नाही, पण मेंढा वाया गेला तर पुढचा आर मी तुमच्यावर घालीन. आणि तिनंच सुरीला धार लावून दिली.

सकाळी कोवळ्या उन्हात बास्सू, तूडा आणि साक्षीला मशिदीचे मौलवी असे तिघं झैदच्या दारात पोचले. झैदला चाहूल लागली असती तर त्यानं सुरीचा हात धरून मेंढा कापणं थांबवलं असतं, तशी रीत आहे. तो दार उघडून बाहेर आला तोवर रक्त उंबऱ्यावरून आत वाहत होतं. झैद खाली बघत उभा राहिला. चार वर्षांत तो बराच वाकला होता.

"माग," तो म्हणाला.

"इंजिन बंद. तळ्याला पाणी येईपर्यंत."

झैदनं एकदा तूडाकडे पाहिलं, एकदा बास्सूकडे. बास्सूला वाटलं होतं तो चिडेल, निदान वाद घालेल. झैद इतकंच म्हणाला, "दिलं." मग त्यानं आतून पाण्याची बादली आणली आणि स्वतःच्या हातानं उंबरा धुतला. त्याच संध्याकाळपासून इंजिनाचा आवाज थांबला. गावातली माणसं दारात येऊन ती शांतता ऐकत उभी राहिली, आणि बास्सूकडे लोक पुन्हा पूर्वीसारखे मान देऊन बघू लागले.

मग वाट बघणं सुरू झालं. दर शुक्रवारी नमाज झाली की बाप-लेक देवदारांतून चढून तळ्यावर जायचे. झरा जिथं तळ्याला मिळायचा तिथल्या कपारीत तूडा खांद्यापर्यंत हात घालायची आणि बास्सू तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. पहिल्या शुक्रवारी हात कोरडा आला. दुसऱ्या शुक्रवारी बोटं ओली आली. तिसऱ्या शुक्रवारी तर कपारीतून करंगळीएवढी धार लागलेली होती आणि तळ्याच्या तोंडाशी घोंगडीभर पाणी साचलं होतं. तूडा बूट काढून त्यात उभी राहिली. खळखळून हसली. घरी आल्यावर तिनं मैत्रिणीला फोन करून सांगितलं, की जागा दुसऱ्या कुणाला द्यायची तर दे बाई. मैत्रीण शहाणी होती. ती म्हणाली, एक तारखेपर्यंत राहू दे.

ते डोंगरावरच्या उशिरा पडलेल्या बर्फाचं पाणी होतं. पाच दिवसांत संपलं. चौथ्या शुक्रवारी चिखलावर खपली धरली होती, पाचव्या शुक्रवारी तिला भेगा पडल्या.

इकडे झैदच्या बागेत मोहर धरला नाही. सगळ्या खोऱ्यात सफरचंदाची झाडं पांढरी होतात त्या दिवसांत त्याची झाडं काटक्यांसारखी उभी होती. आता गावाचं बोलणं फिरलं. गावाला काय, आज याला डोक्यावर घ्यायचं, उद्या त्याला. शरदात सफरचंदं निवडायच्या कामावर जाणाऱ्या वीस-पंचवीस बायका होत्या. त्या गावच्या पाणवठ्यावर फाद्माला ऐकवू लागल्या, की तुझ्या नवऱ्यानं मेंढ्याबरोबर बागही कापली. झैद शब्दाचा पक्का निघाला, बघा, झाडं मरू दिली पण इंजिनाला हात लावला नाही. फाद्मा तोंडाची फटकळ, पण आता तीही घागर उचलून घरची वाट धरायची.

बास्सूला रात्रंदिवस ती झाडं दिसायला लागली. पाणी तर आलं नाहीच, आणि आपल्या हट्टापायी जुन्या मित्राची बाग चालली. आर ज्यानं घातला त्यालाच तो सोडवता येतो. सहाव्या आठवड्यात एका दुपारी तो एकटाच झैदकडे गेला, त्याला मोकळं करायला. पाणी जमिनीत मुरायला वेळ लागत असेल, पुढच्या वर्षी येईल, तूडाला एवढं एक वर्ष थांब म्हणून सांगू, असं काहीतरी तो मनाशी जुळवत होता.

झैद बागेतच होता. बास्सूनं लांबूनच सांगितलं, "मी तुला सोडवायला आलोय. लाव तुझं इंजिन. झाडं वाचव."

झैद हसला. त्यात आनंद नव्हता. त्यानं बास्सूला हातानं खुणावलं आणि विहिरीपाशी नेलं. विहिरीच्या नळीवर पत्रा झाकलेला होता. पंप वर काढून गवतात आडवा ठेवलेला, त्याच्यावर गंज चढलेला. झैदनं पत्रा सरकवला, एक दगड उचलून बास्सूच्या हातात दिला. बास्सूनं तो आत सोडला. दगड खडखडत खाली गेला, बराच वेळ गेला, आणि शेवटी ठक्क झालं. डुबुक झालं नाही.

"कधीपासून?" बास्सूनं विचारलं.

"ऑक्टोबर. सफरचंदांची शेवटची पेटी भरली त्याच आठवड्यात."

"आणि इंजिन? हिवाळाभर माझ्या कानांनी ऐकलंय मी."

"पंपाचा पट्टा काढून नुसतंच चालवायचो."

बास्सू त्याच्याकडे बघतच राहिला. "वेड लागलंय का तुला?"

"असेल." झैद कठड्यावर बसला. "सकाळी इंजिन लागलं की बायको चहा ठेवायची. तिला कसं सांगू? आणि गाव शिव्या देत होतं, ते बरंच होतं की. ज्याला शिव्या देतात त्याच्याकडे काहीतरी असतं, बास्सू. पाणी कुणीतरी चोरलंय म्हटलं की ते परत आणता येतं. नाहीच म्हटल्यावर काय करायचं माणसानं?"

"मेंढा कापला तेव्हा तरी बोलायचंस."

"उंबऱ्यावर रक्त सांडल्यावर जो तो हेच म्हणतो, माझ्याकडे नाही. तू विश्वास ठेवला असतास?" त्यानं पत्रा पुन्हा नळीवर सरकवला. "आणि चार वर्षांनी तू माझ्या दारात आला होतास. तुला नाही कसं म्हणू?"

बास्सू त्याच्या शेजारी बसला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढी साधी गोष्ट, आणि त्यासाठी ईदचा मेंढा कापला, मित्राला दोषी ठरवलं, पोरीला सहा आठवडे कपारीत हात घालायला लावलं. त्याला रडू आलं. झैदनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, नुसता बाजूला बसून राहिला. थोड्या वेळानं तो म्हणाला, की यातूनही एक तोड आहे.

"गावात सांग, झैदनं शब्द मोडला. मी उद्यापासून इंजिन लावतो, पट्ट्याशिवाय. तुझी पोरगी आईवर गेलीय, भांडायला कुणी समोर असलं की ती हलायची नाही. जाईल कोर्टकचेरीत, जाईल कचेरीवर मोर्चा घेऊन. राहील तरी. मला काय, मला सवय आहे."

तो थट्टा करत नव्हता. जन्मभराच्या मित्रानं एवढं द्यावं आणि ते घ्यावंसं वाटावं, याची बास्सूला लाज वाटली, तरी घ्यावंसं वाटलंच. तो उठला. जाताना मात्र त्यानं रीत पाळली, झैदच्या खांद्याला हात लावून म्हणाला, की मी तुला मोकळं केलं. कशातून, असं झैदनं विचारलं नाही.

परतीची वाट देवदारांतून होती. इतके दिवस बास्सू खाली बघून चालत होता, आज त्यानं वर पाहिलं. ज्या झाडांखाली त्याच्या आज्यानं खेचरं बांधली होती त्यांचे शेंडे तांबूस पडले होते. एका झाडाचा नाही, सगळ्यांचा. हे त्याला आजच दिसलं असं नव्हे. गेली दोन-तीन वर्षं त्याची नजर तिथं जायची आणि तो ती वळवायचा. झैद दोषी होता तोवर शेंड्यांकडे बघायची गरज नव्हती. आता कुणाच्या दारात मेंढा न्यायचा? आभाळाला काही उंबरा नसतो. वाटभर त्यानं मनाशी तेच घोकलं, जे तूडाला सांगायचं होतं: झैदनं दगा दिला, झैदनं दगा दिला.

तूडा अंगणात बूट साफ करत बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, की झैदकाका काय म्हणाले.

"झैदनं," बास्सूनं सुरुवात केली आणि तो थांबला. तळ्याबद्दल तो वाट्टेल ते बोलला होता, पाहुण्यांना हसवण्यासाठी. पण वाट किती उरली, पुढे चढ आहे की उतार, याबद्दल वाटाड्यानं खोटं बोलायचं नसतं. त्यानं माणूस मरतो. तूडा सहा वर्षांची असताना त्यानं तिला पहिली गोष्ट हीच शिकवली होती. आणि हा प्रश्न तिच्या वाटेचा होता.

"झैदची विहीर ऑक्टोबरपासून कोरडी आहे," तो म्हणाला. "पाणी कुणीच घेतलेलं नाही, पोरी. पाणीच नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं, पट्टा काढलेल्या इंजिनापर्यंत. तूडा रडली नाही. तिनं दुसरा बूट हातात घेतला, तोही पुसला आणि दोन्ही जोडीनं भिंतीशी ठेवले.

"कुणाकुणाला माहीत आहे?" तिनं विचारलं.

"तुला, मला, त्याला. त्याच्या बायकोला नाही. तिला कळता कामा नये."

"म्हणजे बाग तू मारलीस असंच लोक म्हणत राहणार."

"म्हणू देत."

"आईला तरी सांग."

"आईला सांगेन," बास्सू म्हणाला. पण फाद्माला सांगितलं तर पाणवठ्यावर ती बायकांची तोंडं बंद करायला जाईल हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्यानं तिला कधीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तूडानं कंपनीला स्वतःच फोन केला, माणूस पाठवू नका म्हणून. पलीकडून त्याच गोड आवाजात आभार मानण्यात आले. मग तिनं मैत्रिणीला येतेय म्हणून कळवलं.

गावातून गाडी फक्त बाजाराच्या दिवशी जायची. इतर दिवशी टँजियरची बस धरायची तर तळ्यापलीकडच्या मोठ्या रस्त्यावर जावं लागे. एप्रिलच्या अठ्ठावीसला फाद्मानं पोरीला जवाची भाकरी आणि लोण्याची बरणी बांधून दिली, दारातच तिचं तोंड कुरवाळलं आणि लगेच आत गेली. बास्सूनं तूडाची पिशवी खांद्याला लावली. देवदारांतून दोघं नेहमीच्या चालीनं चढले. एका ठिकाणी खोडावर सुतार पक्षी ठोके देत होता. तूडानं मान वळवली, पण नाव घेतलं नाही.

तळ्याशी आल्यावर बास्सू सवयीनं डावीकडे, काठाच्या वाटेला वळला.

"बा, सरळ जाऊ या की," तूडा म्हणाली.

गावातलं कुणी आजवर तळ्यातून चाललं नव्हतं. गाढवं जायची, माणसं काठानंच जायची, पाणी असो वा नसो. बास्सू क्षणभर काठावर उभा राहिला. तूडा उतरलीसुद्धा. मग तोही उतरला. पायाखाली पांढरे शिंपले चुरचुरत होते, एके ठिकाणी कुणाच्या तरी होडीची बरगडी चिखलात अर्धी रुतलेली होती. मधोमध आल्यावर त्याला वाटलं, इथं आपल्या डोक्यावर दोन पुरुष पाणी असायचं. तूडाच्याही मनात तेच आलं असणार, कारण ती मधेच जरा भरभर चालायला लागली.

लांबट तळ्याला काठानं वळसा घातला तर रस्त्यापर्यंत दीड तास लागतो, त्या हिशेबानं ते घरातून निघाले होते. तळ्यातून ते पंधरा मिनिटांत पोचले. रस्ता रिकामा होता. दोघं कडेच्या दगडावर शेजारी बसले, पिशवी मधे ठेवली. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, आणि बस यायला अजून सव्वा तास होता.